गुळवेल कुणी कुणाला दिली

मला ऋतू औषधांवरून कळतात. कुसगावात माझं औषधांचं दुकान आहे आणि मी तिथे इतकी वर्षं बसले आहे की कॅलेंडर बघायची गरज उरलेली नाही. चैत्र-वैशाखात मीठसाखरेच्या पुड्या संपतात. आषाढात भातलावणीच्या बायका चिखल्यांचं मलम मागतात, तेही दुकानात न येता पायरीवरूनच, कारण पाय चिखलाचे असतात. श्रावणात घसा, नाक, छाती. घाट चढून आलेल्या पाहुण्यांच्या उलटीच्या गोळ्या मात्र बारमाही. मग भाद्रपद येतो. पावसाचा जोर ओसरतो, खोकले थांबतात, समोरचा उतार सोनकीनं पिवळा होतो आणि मी काउंटरवर हनुवटी टेकून बसते. अशा वेळी कुणीतरी आजाऱ्याला भेटायला निघालेलं माणूस गोळ्या घ्यायला थांबतं. त्याच्या हातातल्या जाळीच्या पिशवीत मोसंबी असतात, आणि त्यांचा तो आंबटगोड वास काउंटरवर आला की माझं मन टाकव्याला जातं.

दर गुरुवारी दुकान बंद असतं. भाद्रपदातल्या गुरुवारी मी स्कूटर काढते आणि टाकवे बुद्रुकला सगुणामावशीकडे जाते. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिच्या घरामागे मोसंबीची साठ झाडं आहेत. बागेच्या टोकाला एक कडुनिंब आहे, त्यावर एक गुळवेल चढलेली आहे. मी जाते ती त्या वेलीची पानं उलटी करून बघायला. एक-एक पान, मागच्या बाजूनं. अर्धा-पाऊण तास हे चालतं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटत असेल, बाईचं काहीतरी हरवलंय.

यंदा मात्र पानं उलटताना लक्ष सारखं बागेकडे जातं. बाग लावली ती मावशीच्या यजमानांनी, आबांनी, आणि आबा गेल्या माघात गेले. झोपेतच गेले. उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, दत्तानं, सहा तंबू आणून ओटीवर ठेवले. निळे गठ्ठे, एकावर एक. आमच्याकडे धरणाच्या पाण्याकाठी ज्याची-त्याची जागा तंबूंनी भरली आहे. शनिवारी शहरातून माणसं येतात, शेकोटी करतात, रविवारी जातात. दत्ताची जागा पाण्यापासून जवळ, उतारही बेताचा. मधे फक्त साठ झाडं. तो काही बोललेला नाही, आणि मावशीनं विचारलेलं नाही. मीही विचारलं नाही. बाग राहणार की जाणार, हे मनात घोळवत मी पानं उलटत असते, आणि घोळवता घोळवता चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात जाऊन पोचते.

मुळात मावळात मोसंबी हाच लोकांच्या चेष्टेचा विषय होता. हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. आबा गावाशेजारच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांच्या एका मराठवाड्याकडच्या सोबत्यानं त्यांना मोसंबीची रोपं दिली. भाताला निरुपयोगी असा एक मुरमाड उतार आबांकडे होता, पाणी न थांबणारा. तिथे त्यांनी रोपं लावली. गाव हसलं. "आबा, आता काजू लावा, बदाम लावा," असं म्हणत हसलं. आबांनी हसणाऱ्यांना चहा पाजला आणि खड्डे खणत राहिले. सहाव्या वर्षी झाडांना धरलेली फळं बघायला तीच माणसं आली. तेव्हाही आबांनी चहाच पाजला.

मग फळं गळायला लागली. पहिल्या वर्षी थोडी, दुसऱ्या वर्षी निम्मी. त्या तिसऱ्या वर्षी श्रावण सरत आला तसा मावशीचा फोन आला.

"सुमे, येतीस का जरा? झाडाखाली सडा पडलाय गं. पिकल्यालं न्हाई, हिरवं न्हाई, मधलंच फळ गळतंय. ह्ये तर बोलायचंच बंद झाल्यात."

मी गेले. फळ उचलून बघितलं. एका बाजूला टाचणीनं टोचावं तसं भोक, त्याभोवती तपकिरी गोल डाग. दाबलं तर भोकातून फेस आला आणि ताकासारखा आंबूस वास. आबा झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. करोनाच्या आजारपणानंतर त्यांना चालताना धाप लागायची, म्हणून ती खुर्ची बागेतच असायची. ते माझ्याकडे न बघता पडलेली फळं एका पाटीत ठेवत होते. एकेक उचलून, पुसून. पुसायचं काय कारण होतं, कुणास ठाऊक.

गावात निदानांची कमी नव्हती. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं कारखान्याचा धूर, कुणी म्हणालं मुळातच मोसंबी आपली नव्हे. दत्तानं दोनदा फवारणी करून बघितली. काही फरक नाही. शेवटी तो माझ्यासमोरच आबांना म्हणाला, "ह्या वर्साला बी असंच झालं तर दिवाळी झाल्यावर जेसीबी आनतो. तुमाला वाईट वाटंल, ठावं हाय मला. पर किती दिवस पडल्याली फळं गोळा करायची?" त्याचंही चुकत नव्हतं. कारखान्यातली पाळी करून येऊन फवारणीचा पंप पाठीला लावायचा, हे तोच करत होता.

त्या वर्षी माझ्या दुकानावरच्या खोलीत पल्लवी राहत होती. वऱ्हाडातली मुलगी, संत्र्याच्या मुलखातली, कृषी महाविद्यालयात संशोधन करणारी. लिंबू, मोसंबी, संत्रं या झाडांवरची कीड कधी, कुठे, किती पसरेल याचा आधी अंदाज बांधायचा, हे तिचं काम. हवेतला दमटपणा, तापमान, वारा, पाऊस हे सगळं ती संगणकात भरायची आणि त्यातून रंगीत नकाशा निघायचा. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे सावध, हिरवं म्हणजे निर्धास्त. मी तिला म्हणायचे, हे तर मी वहीशिवाय करते. कुठल्या वाडीतून जुलाबाच्या गोळ्या जास्त गेल्या यावरून कुठली विहीर गढूळ झाली ते सांगते. ती हसायची आणि म्हणायची, "काकू, तुम्हाला नोकरीच देऊन टाकते मी."

टाकव्याची गोष्ट सांगितल्यावर तिनं नकाशा उघडला. आमचं टाकवं त्यात गडद हिरवं होतं. "इथे काहीच व्हायला नको," ती म्हणाली, आणि संगणक बाजूला सारून मी आणलेलं पडकं फळ उजेडात धरून त्याचं भोक न्याहाळू लागली. मला तिचं तेव्हाच कौतुक वाटलं. नकाशा सोडून फळावर विश्वास ठेवायला मन मोठं लागतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही बागेत उभ्या राहिलो. आबा खुर्चीवर, मावशी त्यांच्या मागे. उजेड सरला तसा एक पतंग आला, तळहाताच्या निम्मा, वाळक्या पानाच्या रंगाचा. फळावर बसला. पल्लवीनं बॅटरी लावली आणि त्यानं पंख उघडले, तर खालचे पंख झेंडूसारखे केशरी. त्याची सोंड सालीत रुतलेली होती. दत्ताची फवारणी फुकट का गेली ते तेव्हा समजलं. हा दिवसा इथे नसतोच. अंधार पडताना येतो, रस पितो, जातो, आणि त्या भोकातून बुरशी आत शिरते.

"हा इथे फक्त जेवायला येतो," पल्लवी म्हणाली. "अंडी दुसरीकडे घालतो. याच्या अळ्यांना मोसंबीचं पान चालत नाही. त्यांना वेल लागते. आबा, इथे जवळपास गुळवेल आहे का हो?"

आबांनी बसल्या बसल्या हात वर केला आणि कुंपण दाखवलं.

कुंपण दिसतच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती गुळवेल, विड्याच्या पानासारखी पानं, खाली लोंबणारे दोरे. पल्लवीनं एक पान उलटलं. मागे बोटाएवढी काळसर अळी, अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके. तिला हात लागला तसं तिनं डोकं पोटात घालून शेपूट वर केलं. पल्लवी आनंदानं ओरडली. मी ओरडले नाही.

कारण ती वेल मी आणली होती.

करोनाच्या त्या पहिल्या वर्षी आबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा ओळखू येत नव्हते. ताप उतरला होता तो औषधांनी आणि डॉक्टरांच्या कष्टांनी, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? गोळ्यांची पाकिटं मीच लावून दिली होती. पण निघताना माझ्या परसातल्या गुळवेलीची वीतभर कांडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मावशीच्या हातात ठेवली. गोळ्या रुग्णासाठी होत्या, कांडी मावशीसाठी. तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. तिनं ती कुंपणाशी खोचली, रोज पाणी घातलं, रोज पेलाभर काढा केला. आबा बरे झाले. मग त्या वेलीचं काय विचारता, घरात नात असावी तशी तिची बडदास्त.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. आठ दिवस बोलले नाही. दुकानात चुकीचं औषध गेलं तर गिऱ्हाइकाच्या मागे रस्त्यावर धावत जाणारी बाई मी, आणि इथे तोंडाला कुलूप. मावशीचा फोन आला की आधी आबांच्या गोळ्यांची चौकशी करायची आणि ठेवून द्यायचा. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

पल्लवीचं म्हणणं, डोंगरातही रानगुळवेल आहे, पतंग तिथूनही येणार, ते थांबवता येणार नाही. पण गावातच जर त्याची पाळणाघरं असतील तर ती शोधली पाहिजेत. म्हणून त्या गुरुवारी आम्ही दोघी वही घेऊन टाकव्यात घरोघर फिरलो. प्रश्न दोनच. गुळवेल आहे का? आणि कुणी दिली?

पहिल्याच घरी उत्तर आलं, "सगुणाकाकूनं दिली. आमच्या सासूबाईंचं सांधं धरलं व्हतं तवा." दुसऱ्या घरी, "ह्या शेजारच्यांनी." तिसऱ्या घरी, "पोरीच्या बाळंतपणाला आलेल्या व्याह्यांनी नेली की आमच्याकडनं, आमी कुनाला न्हाई म्हनतो व्हय?" प्रत्येक बाई वेल दाखवताना अशी दाखवत होती, जणू सुनेचे दागिने. पल्लवी वहीत घरं आणि बाण काढत गेली. दुपारपर्यंत पानभर बाण झाले. त्यात एके ठिकाणी लागून लागून दोन घरं होती. एकाच्या कुंपणावर वेल दाट, दुसऱ्याच्या कुंपणावर कांडीसुद्धा नाही. पल्लवी विचारात पडली. ऊन तेच, माती तीच, वारा तोच, मग हे का?

"सख्खे भाऊ आहेत," मी सांगितलं. "बांधावरून भांडण आहे. अकरा वर्षं बोलत नाहीत."

पल्लवी वहीकडे बघत राहिली आणि मग खो-खो हसायला लागली. तिला हसताना बघून मीही हसले. रस्त्यात उभ्या राहून आम्ही दोघी डोळे पुसत होतो. तिच्या नकाशात वारा होता, दमटपणा होता, पण कोण कुणाच्या घरी जातं हे कुठे होतं? कीड पसरली होती ती मायेच्या वाटेनं. ज्या घराचं गावाशी चांगलं, त्या घरी वेल. ज्याचं कुणाशी पटत नाही, त्याचं कुंपण कोरं. कोऱ्या कुंपणाच्या त्या भांडकुदळ धाकट्या भावाच्या परसात मोसंबीचं एक झाड होतं, आबांनीच दिलेलं, आणि त्याची फळं त्यातल्या त्यात कमी टोचलेली.

हसणं थांबल्यावर पल्लवीनं सगळे बाण मागे मागे नेले. ते सगळे मावशीच्या कुंपणाशी येऊन मिळाले. "आणि सगुणामावशींना कुणी दिली?" तिनं पेन उचलून विचारलं.

"मी," मी म्हणाले. वहीत माझ्या नावाचा चौकोन तिनं काढला नाही. पेन मिटवून खिशाला लावलं.

तिथूनच मी मावशीकडे गेले. ती ओटीवर भाजी निवडत होती, आबा खांबाला टेकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. पतंग कुठे वाढतो, वेल कशी आली, मला आठ दिवस कसं ठाऊक होतं. मावशीनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"तवा ह्यो मानूस वाचला का न्हाई?" तिनं विचारलं.

"मावशी, तो वेलीनं नाही वाचला गं."

हे मी बोलायला नको होतं. त्या बाईजवळ त्या काळातलं दुसरं होतं काय? पण आबाच मधे बोलले. त्यांना वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मला ठावं हाय, मी गोळ्यांनी बरा झालो. दवाखान्यानं बरा केला. पर सुमे, दवाखाना पंधरा दिस. ही वेल दोन वर्सं समोर व्हती. रोज वाढायची. तिच्याकडं बघून वाटायचं, आपुन बी उद्या चार पावलं जास्ती चालू."

मग ते कुंपणाकडे बघत म्हणाले, "काडा तिला. तिनं तिचं काम केलंया."

माझ्यावर कुणी रागावलं नाही. मी रागाची तयारी करून आले होते, आणि ती तयारी घेऊन कुठे जायचं ते मला कळेना. मावशीनं मेथी पुन्हा हातात घेतली आणि मला म्हणाली, "उबी काय ऱ्हायलीस? बस, निवडू लाग." त्या मेथीच्या काड्या मी अजून विसरलेले नाही.

पण एका कुंपणानं भागणार नव्हतं. गावातल्या सगळ्याच कुंपणांवरची काढायला हवी होती, आणि घराघरांतून ती दैवत होऊन बसली होती. पल्लवीनं ग्रामपंचायतीत समजावून सांगितलं, पतंगाचे फोटो दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही कोयता उचलला नाही. आपल्या दारची वेल तोडून आबांची मोसंबी वाचवायची, हे ऐकायला बरं, पण घरात आजारी माणूस असताना हात धजत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

तोड मावशीनं काढली. चार दिवसांवर गौरी होत्या. आमच्याकडे गौर तेरड्याची. ओढ्याकाठची रोपं मुळांसकट आणायची, सजवायची, जेवू घालायची आणि तिसऱ्या दिवशी पाठवणी करायची. त्या वर्षी पाठवणीच्या दिवशी मावशीनं गौरीची ओटी भरली आणि तेच तबक घेऊन कुंपणापाशी गेली. गुळवेलीला हळदकुंकू लावलं. दहीभाताचा नैवेद्य ठेवला. शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या.

"बाई," मावशी वेलीला म्हणाली, "माज्या घरी तू लय केलंस. आता तुज्या माहेरी जा. डोंगरात जा. हितं तुजं लेकरू माज्या लेकरावर उठलंया."

आणि तिनं विळा चालवला.

दुसऱ्या दिवसापासून गावात पाठवण्या सुरू झाल्या. ज्या बाया फोटो बघून हलल्या नव्हत्या, त्यांनी आपापल्या वेलीला हळदकुंकू लावलं. तोडायची होती तेव्हा जमत नव्हतं, पाठवायची म्हटल्यावर जमलं. फक्त एक घोटाळा होता होता राहिला. पाठवणी म्हटल्यावर वेलीच्या मोळ्या डोक्यावर घेऊन सगळ्या निघाल्या ओढ्याकडे, गौर सोडली तिथेच सोडायला. पल्लवी ओढ्याच्या वाटेवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "पाण्यात नको! मावशी, पाया पडते, पाण्यात नको! हिचा तुकडा जिथे लागेल तिथे फुटतो. खालच्या दहा गावांत होईल!" मग मोळ्या खळ्यावर आणून उन्हात वाळवल्या. त्या वर्षी टाकव्यात निम्म्या चुली गुळवेलीवर पेटल्या.

एक वेल मात्र राहिली. बागेच्या टोकाच्या कडुनिंबावरची. आबा म्हणाले, "एवढी असू द्या." मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकला. पण पल्लवीचे डोळे चमकले. गावात एकच वेल असेल तर पतंग अंडी घालायला तिच्यावरच येणार. अळी दिसली की पंख फुटून उडायला साधारण तीन आठवडे. तेवढ्यात फळांना पिशव्या घालून होतात. अळ्या वेचून टाकायच्या, आणि डोंगरातही याच सुमाराला पतंग तयार होतोय हे ओळखायचं. "आबा, माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा ही वेल जास्त उपयोगाची आहे," ती म्हणाली. "पण तिच्याकडे रोज कुणीतरी बघायला हवं."

"मला दुसरा कंचा उद्योग हाय?" आबा म्हणाले.

त्या वर्षी हाती लागली ती फळं फार नव्हती. पण उरलेल्यांना पिशव्या घातल्या, जुन्या वर्तमानपत्रांच्या, माझ्या दुकानात बसून चिकटवलेल्या. भातलावणीला एकमेकांच्या शेतात जातात तसं इर्जिक घालून अख्खी आळी बागेत आली. तो न बोलणारा धाकटा भाऊही आला, थोरल्याच्या झाडापासून चार झाडं लांब राहून. दिवाळीनंतर जेसीबी आला नाही. दत्ता म्हणाला, "बघू पुढल्या वर्सी."

पुढच्या वर्षी भाद्रपदात एका सकाळी दुकानात फोन वाजला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मग एक शब्द. "आली."

तीन भाद्रपद तो फोन आला. आबांनी खुर्ची मोसंबीखालून हलवून कडुनिंबाखाली नेली होती. रोज सकाळी तिथे बसून ते पान न पान उलटत. धाप लागायची, थांबायचे, पुन्हा उठायचे. पल्लवीची बदली झाली, तरी ती फोन करून आबांना विचारायची आणि त्यांचं उत्तर आपल्या नकाशात भरायची. टाकव्याचा रंग ती आता त्यांना विचारून ठरवते, असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात त्यांची थोडी बढाई होती. असेना का. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं त्याहून ते जास्त जगले, आणि का जगले याचं उत्तर माझ्या दुकानातल्या कुठल्याच कप्प्यात नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या एका चुकीला या माणसांनी असं सांभाळून घेतलं की शेवटी ती कामाची वस्तू झाली. हे ऋण मानायला मला फार बरं वाटतं.

यंदा भाद्रपद लागला आणि फोन आला नाही. येणार कुठून? मी तरी रोज सकाळी फोनकडे बघत होते. मागचे दोन गुरुवार पानं उलटली, काही नव्हतं. आज गेले तेव्हा ऊन स्वच्छ पडलं होतं आणि बागेत कुणी नव्हतं. खुर्ची तिथेच, तिच्यावर कडुनिंबाची वाळली पानं. मी वरपासून सुरुवात केली. पंधरा-वीस पानांनंतर एका पानामागे ती दिसली, बोटाच्या पेराएवढी, काळी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली. मी स्पर्श केला, तिनं डोकं पोटात घातलं.

"आली," मी मोठ्यांदा म्हणाले, आणि ऐकायला कुणी नाही म्हणून रडू आलं. मग डोळे पुसले. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. दत्ताला सांगायचं आणि त्याच श्वासात विचारून टाकायचं, बागेचं काय ठरवलंस. बाग ठेवत नाही म्हणाला तर नाही. असं मनाशी म्हणत घराकडे वळले.

घराजवळ आल्यावर शिलाई मशिनचा आवाज ऐकू आला. ओटीवर मावशी मशिनवर बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिच्या पायाशी पांढऱ्या जाळीचा ढीग. दत्ता मांडी घालून कात्री चालवत होता. त्याच्याभोवती निळं कापड पसरलं होतं. सहाच्या सहा तंबू उघडे पडले होते आणि तो त्यांच्या खिडक्यांची मच्छरदाणी कापत होता.

मी दारातच उभी राहिले. "दत्ता, अळी..."

"परवाच घावली, ताई," तो मान वर न करता म्हणाला. "तुमच्या गुरवारची वाट बघत बसलो असतो तर झालंच की. आबांनी पान उलटं करायची सवय लावून ठिवलीया, कामावर जाताना बी हात थांबत न्हाई." मग कात्री थांबवून त्यानं जाळी उजेडात धरली. "कागद पावसात भिजून फाटतुया. ही न्हाई फाटायची. लय भारी जाळी हाय."

"आणि तंबू?" मी विचारलं.

"तंबूला खिडकीच न्हाई ऱ्हायली आता," मावशी मशिन न थांबवता म्हणाली. "गुदमरून मरत्याल त्यात मानसं."

दत्ता हसला. त्यानं शिवून झालेल्या ढिगातली एक पिशवी काढून माझ्याकडे टाकली. तंबूच्या दाराच्या तुकड्याची होती, तोंडाला चेन असलेली. मी ती घेऊन बागेत परत गेले, आबांची खुर्ची पूर्वी जिथे असायची त्या झाडाचं सगळ्यांत मोठं फळ शोधलं, त्यावर पिशवी चढवली आणि चेन लावली.